तळाचा पेला

चाकूर तालुक्यातलं एक गाव. नाव घ्यायला नको, कारण त्या गावाला अजून जावई येतात.

या गावात चंद्रप्पा कंपाउंडर राहतात. वय अडुसष्ट, अंगाने काटकुळे, खिशात कायम छोटी कातर. चौतीस वर्षं त्यांनी व्यंकटराव डॉक्टरांच्या दवाखान्यात औषधं मोजून दिली. डॉक्टर वारले, दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलं, तरी लोक त्यांना कंपाउंडरच म्हणतात. बायको चांगुणाबाईसुद्धा रागात असल्या की "अहो कंपाउंडर" अशीच हाक मारतात.

जुन्या काळी औषध बाटलीत मिळायचं. लाल मिक्श्चर नाहीतर पांढरं. चंद्रप्पा बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवायचे आणि पट्टीला कातरीने खाचा पाडायचे. एक खाच म्हणजे एक वेळचं औषध. बाटली हातात देताना ते तीन वाक्यं म्हणायचे. "जेवल्यावर घ्यायचं. हलवून घ्यायचं. गुण येईना म्हणून दोन खाचा एकदम न्हाई प्यायच्या." तिसरं वाक्य नंतर जोडलेलं होतं. एका माणसाने सोमवारच्या बाजाराआधी बरं व्हायचं म्हणून आख्खी बाटली रविवारीच पिऊन टाकली होती. तो बाजाराला गेला नाही.

शिवरात्रीच्या भांगेचं काम त्यांच्याकडे आलं ते याच मोजण्यामुळे. गावातल्या महादेवाला शिवरात्रीला पालखी निघते आणि त्याआधी मोठ्या माणसांना थंडाई वाटतात. पूर्वी ज्याच्या हाताला येईल तो भांग वाटायचा आणि मुठीने टाकायचा. एका वर्षी भजनी मंडळाने एकच ओळ सव्वा तास म्हटली आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. पुढच्या वर्षी चार वडीलधारी मंडळी चंद्रप्पांकडे आली. "तुम्ही मापात द्या," म्हणाली.

चंद्रप्पांनी ते काम मिक्श्चरसारखंच घेतलं. पाला घरचाच असायचा. न्हाणीच्या मागे, सांडपाण्यावर, चांगुणाबाईंची दोन झाडं होती. तीच जमीन, तेच पाणी, तरी दरवर्षी पाल्याचा जोर सारखा नसतो, हे चंद्रप्पांना ठाऊक होतं. म्हणून शिवरात्रीच्या दोन दिवस आधी ते स्वतःवर परीक्षा घ्यायचे. सकाळी भाकरी खाऊन एका माणसाचं माप घ्यायचं आणि घड्याळ समोर ठेवून बसायचं. चांगुणाबाई सुपात तुरीची डाळ घ्यायच्या आणि तिच्यात मोजून पन्नास खडे मिसळायच्या. दोन तासांनी चंद्रप्पांनी डाळ निवडायला घ्यायची. पंचेचाळीसच्या वर खडे निघाले की माप बरोबर. तिसाच्या आसपास निघाले की माप निम्मं. एका वर्षी त्यांनी पन्नासच्या पन्नास खडे काढले, पण लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडून ठेवले होते. चांगुणाबाईंनी ती ओळ बघितली आणि माप पावावर आणलं.

"दोन तास कशाला?" एकदा कोणीतरी विचारलं. "बिडी ओढली की लगेच कळतंय."

"बिडी फुप्फुसात जाती, हे पोटात जातंय," चंद्रप्पा म्हणाले. "पोटाचं काम सरकारी हापिसासारखं असतंय. अर्ज आत गेला म्हणजे काम झालं न्हाई. वाट बघायची. दुसरा अर्ज टाकायचा न्हाई."

वाटतानाही त्यांची शिस्त होती. विशीच्या आतल्याला नाही. ज्याच्या छातीत कधी दुखलंय त्याला नाही. ज्याच्या घरात कोणाचं डोकं फिरलेलं आहे त्याला नाही, आणि हे ते कानात सांगायचे. उपास असला तरी आधी रताळं किंवा साबुदाणा पोटात पाहिजे. आणि प्रत्येक पेल्याआधी पळीने तळापासून ढवळायचं, कारण वाटलेली भांग जड, ती खाली बसते.

शेवटचा पेला तळाचा. त्यात गाळ जास्त, म्हणून त्याचा मान गावच्या जावयाला. हा मान कधी सुरू झाला ते कोणाला माहीत नाही, पण त्यामागचा विचार सरळ होता. जावई वर्षभर तोऱ्यात असतो, तर एक दिवस त्याने सासऱ्यासमोर विनाकारण हसावं आणि गावाने ते बघावं. चंद्रप्पांच्या मापात जावई तासभर हसायचा, दोन भगरीची ताटं खायचा आणि झोपायचा. पंचवीस वर्षांत कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

मग तीन वर्षांपूर्वी शेजारच्या गावात तुरीच्या ओळींमध्ये गांजाची झाडं सापडली. जीप आली, पंचनामा झाला, झाडं मुळासकट, मातीसकट तोलली गेली आणि पेपरात फोटो आला. फोटोत पोलिसांपेक्षा झाड उंच होतं. कायद्यात पान वेगळं आणि फुलाचा शेंडा वेगळा. शेंड्याला गांजा म्हणतात, त्याला दिल्लीचा कायदा. नुसत्या पानाला राज्याचा परवाना लागतो. पण चांगुणाबाईंकडे परवाना नव्हता आणि झाडाला तर पानंही होती, शेंडेही होते. त्यांनी त्याच संध्याकाळी दोन्ही झाडं तोडून पाणी तापवायच्या बंबात घातली. तीन दिवस अंघोळीच्या पाण्याला धुराचा वास येत होता.

दोन शिवरात्री नुसत्या बदामाच्या थंडाईवर गेल्या. गावातली पोरं थंडाई पिऊन "छान" म्हणायची आणि मोटारसायकलवर कुठेतरी जायची. कुठून तरी पुड्या यायच्या. पुडीत काय आहे, कोणत्या मातीतलं आहे, किती घ्यायचं, काही लिहिलेलं नसायचं. सांगणाराही कोणी नसायचा, कारण विकणारा पुन्हा दिसत नसे. पिणं थांबलं नव्हतं, मोजणं थांबलं होतं. चंद्रप्पांना याचं वाईट वाटायचं, पण बोलून दाखवावं असं ते कारण नव्हतं.

यंदा शिवरात्रीला दुपारी सव्वातीन वाजता कमिटीचा अध्यक्ष रविकिरण त्यांच्या दारात आला. वय तिशीच्या आत, गळ्यात उपरणं, हातात काळी पिशवी.

"काका, यंदा परंपरा चालू करायलोत," तो म्हणाला. "माल आणलाय. साडेचारला वाटायचं."

चंद्रप्पांनी पिशवीत बघितलं. आत पान नव्हतंच. दाबून घट्ट केलेले हिरवे शेंडे होते, बोटाला चिकटत होते.

"ह्याला भांग म्हणत न्हाईत," ते म्हणाले. "हा शेंडा आहे. कुठून आणलास?"

"ते विचारायचं नसतंय, काका."

"सकाळी आणायचास तरी. मला परीक्षेला दिवस लागतोय."

"सकाळी त्यानं फोनच उचलला न्हाई. असल्या माणसाला टायमाचं कसं म्हणायचं? तुम्हाला जमत नसंल तर राहू द्या, पोरं मिक्सरमधून काढायलीत."

चंद्रप्पांनी शेंडा हुंगला. नाही म्हणावं, तर पोरं मुठीने घालतील. हो म्हणावं, तर हाताला माहीत नसलेली वस्तू हाताने द्यायची. चांगुणाबाई आतून म्हणाल्या, "अहो कंपाउंडर, नका नादी लागू." चंद्रप्पांनी ऐकलं आणि पिशवी घेतली. मुठीपेक्षा माप बरं, एवढाच त्यांचा हिशोब होता.

नेहमीच्या मापाचा पाव घेऊन त्यांनी वाटलं. साबुदाणा खाल्लेलाच होता. साडेतीनला त्यांनी त्या वाटणातलं एका माणसाचं माप स्वतः घेतलं आणि सूप पुढ्यात ओढलं. साडेचारला चांगुणाबाईंनी खडे मोजले. पन्नास, आणि ओळीत नव्हते.

"एकच तास झालाय," चांगुणाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात हलगी वाजली. पालखी निघायची वेळ झाली होती. लोक देवळात पेले घेऊन बसले होते. आयुष्यभर दुसऱ्यांना दोन तास थांबा म्हणणारे चंद्रप्पा एका तासाच्या परीक्षेवर उठले.

पहिले वीस पेले त्यांनी स्वतः दिले, प्रत्येक वेळी तळापासून ढवळून. एकविसाव्याला भगवानरावांनी त्यांना बोलावलं. भगवानराव गावातले मोठे शेतकरी, पालखीचे मानकरी. "कंपाउंडर, पालखीला खांदा द्या, तुमचा दरवर्षीचा मान आहे." चंद्रप्पांनी पळी रविकिरणच्या हातात दिली. "ढवळून दे," म्हणाले. हलगीत त्याला ते ऐकू गेलं असेलही. त्याने उरलेले दोन-तीन पेले वरून भरले आणि तळाचा सगळा पेला भगवानरावांच्या जावयाला दिला.

जावई अंगद लातूरला एका शाळेत क्लार्क आहे. शांत माणूस. लग्नाला दोन वर्षं झालेली, सासरे धार्मिक, म्हणून त्याने यंदा निरंकार उपास धरला होता. सकाळपासून पाणीसुद्धा नाही. लोक बघत होते, त्याने पेला एका दमात रिकामा केला आणि शेवटी बोटाने गाळही चाटला.

म्हणजे जेवला नव्हता, हलवलेलं नव्हतं आणि तळात किती खाचा उतरल्या होत्या ते कोणाला माहीत नव्हतं. चंद्रप्पांची तिन्ही वाक्यं एका पेल्यात मोडली.

पावणेसहाला लोक अंगदच्या हसण्याची वाट बघत बसले होते. अंगद हसला नाही. तो म्हणाला, "माझं काळीज बाहेरून वाजायलंय." मग त्याला वांती झाली. मग त्याने बायकोचा, शिवकन्येचा, हात धरला आणि आपण मरणार आहोत हे तिला हळू आवाजात, क्लार्कने बदलीची ऑर्डर वाचावी तसं सांगितलं. बाकीचे वीस-बावीस जण ओट्यावर शांत बसून होते. एरवी ते शांत बसत नाहीत.

भगवानरावांची गाडी निघाली. मागे अंगद, त्याला धरून शिवकन्या आणि चांगुणाबाई. पुढे भगवानरावांच्या शेजारी चंद्रप्पा. रविकिरणला नांदेडला तातडीचं काम निघालं होतं.

"एक ध्यानात ठेवा," भगवानराव गाडी चालवताना म्हणाले. "दवाखान्यात भांगेचं नाव घ्यायचं न्हाई. जावयाची नोकरी शाळेतली आहे. पोलिस आले तर देवळापर्यंत येतील. कंपाउंडर, पहिलं नाव तुमचं लागंल."

"मग काय सांगायचं?" शिवकन्येने विचारलं.

"फवारणी करताना औषध नाकात गेलं म्हणून सांगायचं. वांग्याच्या प्लॉटवर."

शिवकन्येचा फोन वाजला. लातूरहून सासूबाई. तिने एका हाताने नवऱ्याचं डोकं धरलं आणि दुसऱ्या हाताने फोन घेतला. "हो आई. न्हाई, अजून काही खाल्लं न्हाई त्यांनी. हो, आता खातील. जरा पडलेत." फोन ठेवून ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिकडे लातूरला ती बाई आता काय करत असेल, हे तिला दिसत होतं. फोन ठेवूनही तो हातातच धरून बसली असेल.

चंद्रप्पांच्या लक्षात आलं होतं की रस्त्याच्या कडेचे दगड पांढरे रंगवलेले आहेत आणि आपण ते मोजतो आहोत. अठ्ठावीसनंतर पुन्हा एकवीस आला. साडेतीनला घेतलं, आता सहा वाजून गेले. अर्ज मंजूर व्हायला लागला होता.

दवाखाना लहान होता. आठ खाटा, एक नर्स आणि डॉक्टर विशाखा गजभारे. डॉक्टर पस्तिशीच्या, कमी बोलणाऱ्या. अंगदला खाटेवर घेतलं, नाडी बघितली, डोळ्यात टॉर्च टाकली.

"काय झालं?"

"फवारणी करायलते," भगवानराव म्हणाले. "वांग्यावर. औषध चढलं."

"हे कोण तुमचे?"

"जावई."

डॉक्टरांनी मान वर केली. "शिवरात्रीला सासुरवाडीला आलेल्या जावयाच्या पाठीवर पंप दिला तुम्ही?"

"त्याला शेतीची आवड आहे."

"कोणतं औषध होतं?"

"हिरव्या बाटलीतलं."

डॉक्टरांनी नर्सला सांगितलं, "पोट धुवायची नळी काढा. अॅट्रोपिन भरून ठेवा." मग पुन्हा अंगदकडे वळल्या आणि त्याची जीभ बघितली. "तोंड कोरडं ठाक आहे," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "उलटी कधी झाली? औषध अंगावर सांडलं होतं का? कपडे तर धुतलेले दिसतात."

"बदलले आम्ही," भगवानराव म्हणाले. शिवकन्येने हो म्हणून मान हलवली. चांगुणाबाई जमिनीकडे बघत होत्या.

नर्सने औषधाची छोटी काचेची कुपी टिचकी मारून फोडली. चंद्रप्पांना तो आवाज ओळखीचा होता. फवारणीचे रोगी त्यांनी चौतीस वर्षांत पुष्कळ बघितले होते. त्यांच्या तोंडाला फेस येतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, नाडी मंदावते, आणि त्यांना हेच इंजेक्शन वाचवतं, कारण ते तोंड सुकवतं आणि नाडी पळवतं. अंगदचं तोंड आधीच सुकलेलं होतं. नाडी आधीच पळत होती. ते काळीज आणखी पळवायचं म्हणजे कुठपर्यंत?

त्यांना उठायचं होतं. गुडघे जागेवर होते, पण लांब होते. अडुसष्टाव्या वर्षी ठाण्यात बसायची कल्पना त्यांच्या डोक्यात आली, तिथेच थांबली आणि जाईना. त्यांना एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. आणखी दहा मिनिटांनी आपल्याला हे सांगता येणार नाही. जीभ राहील, पण वाक्य राहणार नाही.

"डॉक्टरीणबाई," ते बसल्या जागेवरून म्हणाले. "ते इंजेक्शन नका देऊ. फवारणी न्हाई."

"कंपाउंडर," भगवानराव म्हणाले.

"भांग आहे. पानाची न्हाई, शेंड्याची. मी वाटली. नेहमीच्या मापाच्या पाव. पण तळाचा पेला, न ढवळलेला. मापाच्या चार-पाच पट असंल. पाच वाजता घेतली. निरंकार पोटी. आधी कधी घेतलेली न्हाई. छातीचा आजार न्हाई, दुसरं काही घेतलं न्हाई, दारू न्हाई. वांती पावणेसहाला, दोनदा." ते थांबले. "जेवल्यावर घ्यायचं असतंय. हलवून घ्यायचं असतंय." आणि तिसरं वाक्य त्यांना आठवेना.

डॉक्टरांनी भरलेली सिरिंज बाजूच्या ट्रेमध्ये ठेवली.

"शंका आली होती मला," त्या म्हणाल्या. "पण घरचेच शपथेवर सांगत होते." मग नर्सकडे वळल्या. "सलाइन लावा. मॉनिटर लावा. दिवा कमी करा आणि हे सगळे बाहेर." अंगदच्या कानाशी वाकून त्या म्हणाल्या, "ऐका. तुम्ही मरत नाही आहात. तुम्हाला भांग जास्त झाली आहे. काळीज पळतंय, ते हळूहळू थांबेल. रात्रभर वाईट वाटेल आणि सकाळी भूक लागेल. मी इथेच आहे."

अंगदने विचारलं, "सकाळ आहे का?"

"येणार आहे," डॉक्टर म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर भगवानराव चंद्रप्पांकडे न बघता बसले. डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा ते उठले. "मॅडम, पोलिसांचं जरा..."

"कळवावं लागेल. तुमच्या फवारणीचंही कळवावंच लागलं असतं. तीसुद्धा विषबाधाच असते."

भगवानराव खाली बसले. पोलिस टाळायला जे कारण काढलं होतं, त्यालाही पोलिस येतातच, हे त्यांनी आधी कोणाला विचारलं नव्हतं. विचारायचं तर खरं सांगावं लागलं असतं.

"म्हणजे खोटं फुकट गेलं," शिवकन्या म्हणाली. "आणि त्यांना ते इंजेक्शन बसलं असतं." वडिलांशी एवढंच बोलून ती फोन घेऊन दारापाशी गेली. "आई, मघाशी मी खोटं बोलले," असं सुरू झालेलं ऐकू आलं. मग बराच वेळ ती फक्त ऐकत होती.

डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, ते किती जोराचं होतं ते तुम्ही एवढ्या खात्रीने कसं सांगता?"

चंद्रप्पांच्या बाजूच्या स्टुलावर नर्सचा एक ट्रे होता, औषधाच्या बाटल्यांची रिकामी झाकणं टाकलेला. निळी, लाल, करडी. चंद्रप्पा त्या झाकणांवर वाकले होते. चांगुणाबाई पुढे झाल्या, ट्रेमध्ये बघितलं आणि ट्रे डॉक्टरांपुढे धरला. झाकणं लहानापासून मोठ्यापर्यंत एका ओळीत लागली होती.

"ह्यांनी एकाच माणसाचं माप घेतलेलं," त्या म्हणाल्या. "साबुदाणा खाऊन. पावाचाही पाव करायला पाहिजे होतं. आता कळलं."

डॉक्टरांनी ओळ बघितली. मग चंद्रप्पांची नाडी बघितली. "दुसरी खाट रिकामी आहे," त्या म्हणाल्या. "यांनाही झोपवा."

सकाळी सातला अंगद उठून बसला आणि त्याने शिवकन्येला विचारलं, "उपास सुटला का?" ती बाहेर जाऊन इडल्या घेऊन आली. त्याने सहा खाल्ल्या. मग सावकाश खोलीभर बघितलं आणि शेजारच्या खाटेवर नजर थांबवली.

"काका," तो म्हणाला, "पुढल्या वर्षी तळाचा मान रविकिरणला द्या. त्याला ह्याच गावातली पोरगी करून देऊ, म्हणजे तो गावचा जावई होईल."

हवालदार आठला आला. अंगदचा जबाब झाला. भगवानरावांनी आपल्याला काही आठवत नाही असं सांगितलं. चंद्रप्पांनी सगळं सांगितलं, वेळ, माप, किती पेले, कोणाला. हवालदाराचं पान भरलं. त्याने पेन झटकलं आणि म्हणाला, "एवढं बारीक मला आजपर्यंत कोणी सांगितलं न्हाई. शिल्लक किती आहे?"

"शिल्लक न्हाई. सगळं वाटलं."

"मग मी तोलू काय?" हवालदार म्हणाला. "कागदावर वजन लागतंय." त्याने आणणाऱ्याचं नाव लिहून घेतलं, वजनाची जागा कोरी सोडली आणि चंद्रप्पांना सोमवारी ठाण्यात यायला सांगितलं. चांगुणाबाईंनी सोबत डबा न्यावा लागेल का, असं विचारलं. तो म्हणाला, "आणा."

तो गेल्यावर चंद्रप्पा पडून राहिले. अंगदची सलाइन अजून चालू होती. रात्री नर्सने त्या बाटलीवर पांढरी चिकटपट्टी उभी लावली होती आणि पेनाने तासातासाच्या खुणा केल्या होत्या, किती वाजता किती उतरायला पाहिजे त्या. चंद्रप्पा बराच वेळ त्या पट्टीकडे बघत होते. खुणा मोजल्या. मग पुन्हा मोजल्या, आकडा तोच आला.

नर्स बाटली बघायला आली.

"सिस्टर," ते म्हणाले, "तिसरी खूण जरा खाली गेलीय."

तिने वाकून बघितलं. खरंच गेली होती. चंद्रप्पांनी खिशातून कातर काढून तिच्या हातात दिली.